लग्न चर्चमध्ये, मांडव दारात

लग्नसराई आली की ‘विचारा मावशीला’ सदराच्या टपालात चर्चमधल्या लग्नाबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी त्यांतलीच काही घेतली आहेत. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तरही मोठं झालं.

प्रश्न : मावशी, मी गोराईची, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडची मराठी बोलणारी कॅथलिक. होणारा नवरा कोल्हापूरचा, हिंदू. आमच्या गावच्या चर्चमध्ये लग्न करायचं ठरलंय. पारंपरिकच हवं, पण ते ‘आमचं’ वाटायला हवं. म्हणून शपथा आम्ही स्वतः लिहिल्या, आत येतानाचं एक हिंदी गाणं निवडलं, दोघांच्या दोन मेणबत्त्यांनी एक मोठी मेणबत्ती पेटवायचं ठरवलं. फादर तिन्हीला नाही म्हणाले. माझे वडील वारले आहेत, त्यामुळे मला वेदीपर्यंत कोण नेणार यावरून दोन काकांमध्ये रुसवेफुगवे चाललेत. आई म्हणते, मी विधवा बाई, मी कशी पुढे येऊ? आणि सासूबाईंना चर्चनंतर हॉलवर सप्तपदीही हवी आहे. माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. — एक नवरी, गोराई

उत्तर : बाळा, आधी आईचं बघू. कॅथलिक विवाहविधीत कन्यादान नाहीच. ‘ही मुलगी कोण देतंय?’ असं आपले फादर विचारत नाहीत. तो प्रश्न इंग्रजी सिनेमांतून आपल्या डोक्यात शिरला. विधीप्रमाणे नवरा-नवरी दोघंही मिरवणुकीने वेदीकडे जातात, सोबत आईवडील असले तर छानच. बापाच्या हाताला धरून येणं हा रिवाज आहे, नियम नव्हे. तेव्हा दोन्ही काकांचा हक्क इथेच संपला. आईला लुगडं नेसव, तिची पोत गळ्यात घाल आणि तिच्याच हाताला धरून ये. कॉयरच्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाच्या, माळ्यावरून मी पुष्कळ नवऱ्या आत येताना पाहिल्यात. बाप नसलेल्या पोरीबरोबर आई चालत आली की पेटीवाल्याचाही सूर चुकतो. कुणी विधवा-सधवा बघत नाही, आणि जी बघेल तिला माझ्याकडे पाठव. काकांपैकी एकाला साक्षीदार म्हणून सही करायला लाव, दुसऱ्याला श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमधली एक वाचायला दे. माईक हातात आला की काकालोक खूश असतात.

आता फादरांच्या तीन नकारांबद्दल. शपथांच्या बाबतीत ते बरोबर आहेत. सुखात-दुःखात, आजारपणात-आरोग्यात, ही जी संमती तुम्ही एकमेकांना देता तिच्यानेच लग्न लागतं. फादर फक्त चर्चच्या वतीने ती विचारतात आणि स्वीकारतात. म्हणून तिथे स्वतःची कविता चालत नाही. पण एक गोष्ट करता येते आणि फार थोडी जोडपी करतात. ते शब्द पाठ करा. फादरांनी तुकडा तुकडा सांगायचा आणि तुम्ही पोपटासारखा म्हणायचा, त्यापेक्षा दोघांनी एकमेकांकडे बघत सलग म्हणा. आणि मराठीत म्हणा. पाव्हण्यांना कळावं म्हणून इंग्रजी घेतात, पण तुझे पाव्हणे कोल्हापूरहून येणार आहेत, केंब्रिजहून नाही. लिहिलेल्या शपथा रिसेप्शनला टोस्टच्या आधी वाचा. प्रत्येकी अर्धं पान पुरे. त्यापुढे लोक जेवणाच्या टेबलाकडे बघायला लागतात.

हिंदी गाण्याचंही तेच. उपासनेत उपासनेचीच गाणी. पण आपल्याकडे एक ढोंग चालतं, ते सांगते. हिंदी गाण्याला नाही म्हणतात आणि ‘हिअर कम्स द ब्राइड’ बिनदिक्कत वाजवतात. ती चालही चर्चची नाही. रिचर्ड वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ नावाच्या ऑपेरातली आहे, 1850 सालची, आणि त्या गोष्टीत नवरा-नवरीचं लग्नाच्याच रात्री फिसकटतं! तुमच्या कॉयरकडे मराठी प्रवेशगीतं असतील, त्यांतलं ठसक्याचं घ्या. सासरच्यांना ओळखीचं काही ऐकू यावं असं वाटत असेल तर नारायण वामन टिळकांची भजनं आहेत. टिळक प्रॉटेस्टंट होते, पण रचना अभंगाच्या वळणाची, टाळ धरता येईल अशी. एखादं भजन घेता येईल का, हे फादरांना विचार. गाणी ठरली की कॉयरला महिनाभर आधी दे. लग्नाच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर लिंक पाठवणाऱ्या नवऱ्या मला ठाऊक आहेत.

मेणबत्ती विधीत नाही, म्हणून फादरांनी नाही म्हटलं. ती स्टेजवर पेटवा. फक्त पेडेस्टल पंखा दुसरीकडे वळवून ठेवा.

मग तुमचं स्वतःचं काय राहिलं? बरंच राहिलं. वाचनं तुम्ही निवडायची. प्रत्येक लग्नात करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय असतो, प्रीती सहनशील आहे वगैरे. सुंदर आहे, पण भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं झालंय ते. शुभवर्तमानात योहानातलं काना गावचं लग्न घ्या. द्राक्षारस संपला ही गोष्ट तिथे सर्वांत आधी आईच्या लक्षात येते. लग्नघरातल्या कुठल्याही बाईला ती लगेच कळेल. श्रद्धावंतांच्या प्रार्थना तुम्हीच लिहा. तुझ्या वडिलांचं नाव तिथे येऊ दे. आणि पुस्तिका छापा, चार पानांची का होईना. ‘इथे उभे राहावे’, ‘इथे बसावे’ एवढं मराठीत असलं तरी अर्धे पाव्हणे तुला दुवा देतील. मंगळसूत्र हवं असेल तर अंगठ्यांबरोबर त्यालाही आशीर्वाद देतात, फादरांना आधी सांगून ठेव.

तुझ्या नवऱ्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यामुळे तुमचा विधी बहुधा मिस्साशिवाय, म्हणजे कम्युनियन असलेल्या पूर्ण उपासनेशिवाय, होईल. त्यात कमीपणा वाटून घेऊ नको. अशा लग्नाला बिशपांकडून सूट काढावी लागते. तू तुझी श्रद्धा सोडणार नाहीस आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा आपल्या परीने सर्व प्रयत्न करशील, असं वचन तुला द्यावं लागतं. त्याला सही मागत नाहीत, पण तू काय वचन दिलंस ते त्याला सांगणं सक्तीचं आहे. हे बोलणं चर्चच्या ऑफिसात टेबलापाशी पहिल्यांदा होऊ देऊ नका. घरी करा, दोघांनी, नीट बसून. कागदपत्रांना वेळ लागतो: तुझा बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला, त्याच्या अविवाहित असण्याचं प्रतिज्ञापत्र, विवाहपूर्व शिबिर, चर्चमधल्या लग्नाच्या आगाऊ घोषणा. सहा महिने हातात ठेवा.

राहिली सप्तपदी. इथे मला तुझ्या सासूबाईंना न आवडणारं बोलावं लागणार. चर्चमध्ये लग्न लागल्यावर त्याच्या आधी किंवा नंतर दुसरा धार्मिक विवाहविधी करून पुन्हा संमती द्यायला कॅथलिक चर्चचा कायदा परवानगी देत नाही. फादरांना न कळवता हॉलवर उरकू, असं सुचवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नको. गावठाणात गोष्टी लपत नाहीत आणि ज्या फादरांनी तुझ्यासाठी बिशपांकडे कागद पाठवला त्यांना तोंड कसं दाखवशील? कायद्याने पाहिलं तरी त्या सप्तपदीने काही साधत नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 हा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. हिंदू आणि ख्रिस्ती यांनी हिंदू पद्धतीने केलेलं लग्न त्या कायद्याखाली वैध नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2008 साली म्हटलंय. तुमचं लग्न 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली बसतं. त्यात दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतं.

पण सासूबाईंना नुसतं नाही ऐकवू नको. हळद कोल्हापुरात जोरात होऊ दे. रिसेप्शनला हार घालू देत. आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांना गोराईला बोलाव. बँड लावून बायका विहिरीवर उंबराचं पाणी आणायला निघतील तेव्हा एक कळशी त्यांच्या कमरेवर दे. त्यांच्याकडे देवकात उंबराची डहाळी असेल तर काही समजावून सांगावं लागणार नाही. पोर्तुगीज आले, पाद्री आले, नावं बदलली, 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या जुबिलीच्या वेळी आपण ‘ईस्ट इंडियन’ झालो, तरी मांडवातल्या बायकांनी उंबर सोडला नाही.

आणि हो, कोल्हापूरच्या बसवाल्याला स्पष्ट सांग : भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने ये. नकाशावर बोरिवली जवळ दिसते म्हणून तो गोराई खाडीच्या जेट्टीवर जाऊन थांबेल, आणि फेरीबोटीत काही बस चढत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाचं लग्न चर्चमध्ये आहे. आमच्या घरातलं कुणीही आजवर चर्चमध्ये गेलेलं नाही. चपला कुठे काढायच्या, डोक्यावर पदर घ्यायचा का, अक्षता न्यायच्या का? आमच्याकडून काही चुकू नये असं वाटतं. — वरमाय, सांगली

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंत यातच सगळं आलं. चपला काढायच्या नाहीत. पदर घेतलात तर कुणी हरकत घेणार नाही, सक्ती मात्र नाही. अक्षता आत टाकू नका; बाहेर पायऱ्यांवर पाकळ्या उधळतात, तेव्हा हौस भागवून घ्या. सगळे उभे राहिले की उभं राहायचं. गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही नुसतं बसून राहिलात तरी चालतं. मिस्सा असेल तर शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन कम्युनियन घेतात. दिसायला पांढरी पातळ चकती असते, म्हणून प्रसाद समजून पाव्हणे रांगेत उभे राहतात आणि मग फादरांची पंचाईत होते. तो प्रसाद नव्हे, आमच्या श्रद्धेप्रमाणे ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि ते कॅथलिकांनीच घ्यायचं असतं. तुमच्या मंडळींना हे आदल्या दिवशीच सांगा. तुमची जागा डाव्या-उजव्या कुठल्या बाजूला, ते विचारत बसू नका. पहिला बाक तुमचा. आहेराची पाकिटं चर्चमध्ये काढू नका, रिसेप्शनला स्टेजवर द्या. आणि फोटोग्राफर तुम्ही आणणार असाल तर त्याला वेदीच्या पायरीवर चढू नकोस म्हणून बजावून ठेवा. आपले लग्नाचे फोटोग्राफर कॅमेरा हातात आला की देवालाही बाजूला सरकायला सांगतात.

प्रश्न : तारखेवरून दोन घरांत जमत नाही. मुलीकडचे डिसेंबरात नको म्हणतात, आमचे जानेवारीत. संध्याकाळी आठला लग्न ठेवलं तर चालेल का? — मुलाचा भाऊ, ठाणे

उत्तर : दोन्हीकडचे बरोबर आहेत, हीच अडचण. नाताळाच्या आधीचे साधारण चार आठवडे आमचा आगमनकाळ. त्यात लग्नं सहसा लावत नाहीत, लावली तर बिनगाजावाजाची. तो संपून आमची लग्नसराई सुरू होते, तर तुमचा पौष लागलेला असतो. पौष संपल्यावर माघात जमवायला जावं तर राखेचा बुधवार येतो आणि उपवासकाळ थेट ईस्टरपर्यंत चालतो. राखेच्या बुधवारची तारीख दर वर्षी बदलते, त्यामुळे पंचांग आणि चर्चचं कॅलेंडर शेजारी ठेवून बसा. बहुतेक वर्षी पौष अमावास्या ते राखेचा बुधवार यांच्यामध्ये काही दिवस मिळतात. नाहीच मिळाले तर ईस्टरनंतर, उकाडा सोसून. आठ वाजताची वेळ मात्र सोडा. 1872 च्या कायद्यात लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लावावं असं आहे. कॅथलिक पाद्रींना बिशपांच्या परवान्याने सूट मिळू शकते, पण हॉलवर उशिरा पोचायचंय म्हणून कुणी ती मागायला जाऊ नये.

प्रश्न : मांडवात घुमट वाजवायचाय. एक जण म्हणाला, त्यावर बंदी आहे. खरं का? — कुलाबा ते कलिना सगळीकडे विचारून दमलेला नवरा

उत्तर : घुमटावर नाही, घोरपडीवर. पूर्वी मडक्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं ताणत. घोरपडीला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. गोव्यात तर 2019 साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलंय. बिनधास्त वाजवा, फक्त डीजेला तेवढा वेळ गप्प बसवा.

प्रश्न : फुगिया घरी करू की ऑर्डर देऊ? माणसं बरीच आहेत. — नवरीची आते, वाकोला

उत्तर : ऑर्डर द्या. बाई, तुम्हाला लग्नात नाचायचंय की नाही? मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर, हे भिजवणं कुणालाही जमतं. पूर्वी ताडीने आंबवत, आता यीस्ट. खरी मेख पुढे आहे. सैल चिकट पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून लिंबाएवढा गोळा वर काढायचा आणि बोट न भाजता तेलात सोडायचा. आपोआप उलटून गोल फुगला तर फुगिया, नाहीतर भजं. हे शेकड्यांनी करायला चुलीपाशी दोन सवयीच्या बायका लागतात, आणि नेमक्या त्याच बायका लग्नाच्या दिवशी वरमाय, मावशी वगैरे असतात. ऑर्डर देताना नारळाचं ताजं दूधच घालतात ना, ते विचारा. आणि सोरपोतेलच्या पातेल्यावर ‘डुकराचं मटण’ अशी मोठी मराठी चिठ्ठी लावा, शाकाहारी टेबल त्याच्यापासून लांब मांडा. फुगियांत अंडं असतं, तेही त्या टेबलावर सांगा. दिसायला गोड पुरीसारख्या म्हणून माळकरी पाव्हणे हात घालतात.