जीन हॅकमन बघायला सुरुवात कुठून करावी?

'सुपरमॅन'मधला खलनायक लेक्स लूथर पाहून तुम्ही विचारलंय, की चेहरा तर चारचौघांसारखा, मग तो करणाऱ्या अमेरिकी नटाला, जीन हॅकमनला, लोक एवढं का मानतात आणि त्याचं आधी काय बघावं? त्याचे सिनेमे मी गेली तीसेक वर्षं पुन्हा पुन्हा बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक प्रसंग. इलिनॉयमधलं डॅनव्हिल गाव. वडील तिथल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात यंत्रावर कामाला. जीन १३ वर्षांचा होता, रस्त्यात खेळत होता. वडील गाडीतून समोरून गेले, जाता जाता हात हलवला आणि गेले ते घर सोडूनच गेले. त्या हात हलवण्यातच पोराला सगळं उमगलं. उतारवयात एका मुलाखतीत त्यानं सांगितलं, की एवढ्याशा हालचालीत किती काय असू शकतं हे तेव्हा कळलं, कदाचित त्यामुळेच आपण नट झालो. माझ्या लेखी त्याच्या अभिनयाची किल्ली हीच. तो मोठमोठ्याने काही दाखवत नाही. मान जराशी वळते, ओठांवर हसू येतं पण डोळ्यांपर्यंत पोचत नाही, आणि आपण सावरून बसतो.

वयाच्या सोळाव्या वर्षी खोटं वय सांगून तो मरीन सैन्यदलात गेला, रेडिओ ऑपरेटर म्हणून चीनमध्येही राहिला. नंतर कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना प्लेहाउसमध्ये अभिनय शिकायला गेला. तिथे डस्टिन हॉफमन त्याचा दोस्त झाला. वर्गानं या दोघांनाच 'यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत कमी' असं ठरवून टाकलं होतं! मग न्यूयॉर्कला हॉटेलच्या दारात दरवानाची नोकरी, सामान वाहणं, मिळेल ते काम. नाव झालं ते १९६७ साली 'बॉनी अँड क्लाइड'मुळे, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. त्याच वर्षी 'द ग्रॅज्युएट'मधून त्याला तालमी चालू असताना काढून टाकलं होतं. त्या सिनेमाचा नायक कोण, तर हॉफमन.

'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) नं त्याला पहिलं ऑस्कर दिलं. पोपाय डॉयल हा पोलीस उद्दाम, वर्णद्वेषी, अंगावर धावून जाणारा. हॅकमनला हे क्रौर्य इतकं जड गेलं, की सुरुवातीला भूमिका सोडण्यापर्यंत वेळ आली होती. तो अवघडलेपणा पडद्यावर उतरलाय असं मला वाटतं. डॉयलची चीड कुठून येते हे सिनेमा सांगत नाही, आणि तरी ती खोटी वाटत नाही. ब्रुकलिनमध्ये उन्नत रेल्वेखालून गाडी पिटाळतानाचा त्याचा चेहरा बघा.

पण माझ्यासाठी हॅकमन म्हणजे 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४). दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला. हॅरी कॉल हा लोकांची संभाषणं चोरून ध्वनिमुद्रित करणारा तंत्रज्ञ. पाऊस असो-नसो, अंगात पातळ प्लास्टिकचा रेनकोट. घराला कुलपांवर कुलपं, आणि रात्री एकटाच रेकॉर्ड लावून त्याबरोबर सॅक्सोफोन वाजवतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या युनियन स्क्वेअरमध्ये फिरणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं तो टेप करतो आणि त्यातलं एकच वाक्य परत परत ऐकत राहतो. सबंध सिनेमाभर हॅकमन मुख्यतः काय करतो, तर ऐकतो! माणूस नुसता ऐकतोय आणि आपला जीव खालीवर होतोय, हे मी दुसऱ्या कुणाकडून अनुभवलेलं नाही. त्या वाक्यात कोणत्या शब्दावर जोर आहे, यावर सगळा सिनेमा उभा आहे, म्हणून हेडफोन लावूनच बघा. शेवट सांगत नाही. या कामासाठी त्याला ऑस्करचं साधं नामांकनही मिळालं नाही, याची मला आजही खंत वाटते. सिनेमाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आदल्या वर्षी अल पचिनोबरोबरच्या 'स्केअरक्रो'लाही तो मिळाला होता.

त्यानं सुमार सिनेमेही केले, काही निव्वळ पैशासाठी, हे त्यानं स्वतः कबूल केलंय. ते सोडून द्या.

'अनफरगिव्हन' (१९९२) मात्र सोडू नका. हिंसेमुळे त्यानं ही भूमिका आधी नाकारली होती, क्लिंट ईस्टवूडनं त्याला राजी केलं. त्याचा शेरीफ लिटल बिल माणसाला लाथांनी तुडवतो, आणि उरलेल्या वेळात हौसेनं स्वतःचं घर बांधतो. घर वाकडंतिकडं, छत गळकं. मरताना त्याला त्या अर्धवट घराची आठवण येते. खलनायकाला असं घर देणं लेखकाचं, पण त्या घराचा अभिमान हॅकमनचा. दुसरं ऑस्कर याच कामासाठी.

२००४ नंतर तो पडद्यावरून बाजूला झाला. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे राहिला, कादंबऱ्या लिहिल्या, चित्रं काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो गेला, ९५ वर्षांचा होऊन.

तर क्रम असा ठेवा: 'फ्रेंच कनेक्शन', मग 'कॉन्व्हर्सेशन', मग 'अनफरगिव्हन'. 'हूझियर्स' आणि 'मिसिसिपी बर्निंग' मधे कधीही. २००३ चा 'रनअवे ज्युरी' बेताचा आहे, पण त्यात न्यायालयाच्या प्रसाधनगृहात हॅकमन आणि हॉफमन समोरासमोर येतात. पॅसाडेनापासूनचे मित्र, आणि सिनेमात एकत्र पहिल्यांदाच, तेवढ्यासाठी बघा.

'द रॉयल टेनेनबॉम्स' (२००१) शेवटी ठेवा. त्यात तो स्वतःच बायकापोरांना सोडून गेलेला बाप आहे, वर्षांनंतर खोटं आजारपण सांगून घरात परत शिरणारा. सिनेमाच्या शेवटाकडे बेन स्टिलरनं केलेला त्याचा थोरला मुलगा, आयुष्यभर बापावर डूख धरून असलेला, डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, हे वर्ष फार जड गेलं, बाबा. हॅकमन हळू आवाजात त्याला घरच्या लाडक्या नावानं हाक मारतो आणि 'माहीत आहे मला' एवढंच म्हणतो.