घड्याळ म्हणतं, पाणी कमी पडलं

‘रोज घड्याळात पाण्याचं टार्गेट अपुरं दिसतं. किडनीला काही होईल का?’ आहार समुपदेशनात हल्ली हा प्रश्न वारंवार येतो. मुलुंडला राहणाऱ्या, फोर्टमधल्या बँकेत नोकरी करणाऱ्या ३४ वर्षांच्या एक बाई तोच घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

भावाला मुतखडा झाला, तेव्हापासून त्यांनी स्मार्टवॉचवर रोजचे १२ ग्लास लावले होते. सकाळी मात्र घोटभर पाण्यावर बाहेर पडायच्या. लोकलमध्ये शौचालय नसतं, स्टेशनवरच्याचा भरवसा नसतो; मुंबईत कामाला जाणाऱ्या बायका हे गणित न शिकवता शिकतात. दिवसभर काउंटरवर राहून जायचं. रात्री साडेनऊला पाच-सहा ग्लास बाकी असायचे, ते अकराच्या आत संपवायचे, कारण बाराला मोजणी शून्यावर येते. मग दोनला उठा, चारला उठा. झोप होत नाही ही तक्रार त्यांनी अगदी वेगळी म्हणून सांगितली.

मुळात घड्याळ पाणी मोजत नाही. मनगटावरच्या सेन्सरला नाडी कळते, तुम्ही किती प्यायलात ते कळत नाही. सॅमसंगच्या घड्याळात अधिकचं चिन्ह दाबलं की एक ग्लास चढतो, एवढंच. गार्मिनमध्ये व्यायामानंतर घामाच्या अंदाजाने लक्ष्य वाढवायची सोय आहे, पण प्यायलेलं पाणी तिथेही आपणच नोंदवायचं.

पुढच्या भेटीला त्यांना घरातला रोजचा स्टीलचा ग्लास आणायला सांगितलं. एक लिटरची सीलबंद बाटली त्यात ओतत गेलो, तर साडेपाच ग्लास भरले. म्हणजे ग्लास साधारण १८० मिलीचा, आणि घड्याळ धरत होतं २५०. त्यांचे ‘तीन लिटर’ खरे तर २,१६० मिली. उलट ऑफिसातली ७५० मिलीची बाटली त्या एकच ग्लास म्हणून टाकत. फोनवर आकडा लगेच दिसला नाही की तोच ग्लास फोनवरही नोंदवायच्या. थोड्या वेळाने सिंक झालं की दोन्ही नोंदी जमा. आकडा असा दोन्हीकडून चुकलेला, काळजी मात्र खरी.

जेवणातलं पाणी तर कुठेच नव्हतं. दोन कप चहा २४० मिली, दुपारचं ताक २०० मिली, आमटीची वाटी दीडशेची. भात, भाजी, फळं वेगळीच. चहाने अंगातलं पाणी निघून जातं म्हणून तो धरायचा नाही, असं पुष्कळजण मानतात. रोजच्या दोन-तीन कपांना ते लागू नाही, चहा मोजायचा.

‘रोज आठ ग्लास पाणी प्या’ या नियमाचं मूळ बरेचदा १९४५ च्या एका अमेरिकन शिफारशीत दाखवतात. तिथे प्रौढांसाठी रोज अडीच लिटर सांगितलं होतं आणि त्यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं, असंही पुढे लिहिलं होतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं. युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१० चा आकडा बायकांसाठी दोन लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर आहे, तोही अन्नातलं पाणी धरून आणि बेताच्या हवेत. मुंबईच्या मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याहून जास्त लागणारच.

बाईंना विचारलं, “रात्रीचे ते ग्लास पिताना तहान लागलेली असते का?” त्या जरा थांबल्या. “तहान? ते कधी बघितलंच नाही.”

मग आधी ॲपमधला ग्लास १८० मिलीचा केला, नोंद फक्त घड्याळावरच करायची ठरवली आणि लक्ष्य आठ ग्लासांवर आणलं. दर तासाची आठवण बंद केली. ती इतक्या वेळा येते की माणूस तिच्याकडे पाहायचंच सोडून देतो. त्याऐवजी वेळा बांधल्या. उठल्याउठल्या दीड ग्लास, म्हणजे निघायच्या आधी लघवीला जाऊन येता येतं. ऑफिसात पोचल्यावर दोन, जेवणाच्या सुमारास दीड, चार वाजता दोन, घरी आल्यावर एक. आठनंतर तहानेपुरतंच, आणि आकडा अपुरा राहिला तर राहू द्यायचा. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. म्हणून पहिला आठवडा पाण्याचं पान घड्याळाच्या स्क्रीनवरून काढूनच टाकलं आणि ताळा लघवीच्या रंगावर ठेवला. दुपारची लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय, गडद असली की वाढवायचं. सकाळची पहिली धरायची नाही, ती गडदच असते. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंग भडक येतो, तोही सोडायचा.

खड्याची भीती अगदीच निराधार नव्हती. ज्याला खडा होऊन गेलाय, त्याला दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात. पण तो सल्ला भावासाठी होता, आणि त्यालाही ते दिवसभरात विभागूनच प्यायचं असतं. धडधाकट मूत्रपिंडं तासाला साधारण ८०० मिली ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं. बाई तिथवर गेल्या नव्हत्या, पण झोपेचं खोबरं झालं होतं. महिन्याभरात रात्रीचं उठणं एकदावर आलं.

निघता निघता त्यांनी सहज सांगितलं की तसलंच घड्याळ वडिलांनाही घेऊन दिलंय आणि त्यावरही बारा ग्लासच लावलेत. वडिलांचं हृदय कमजोर, रोज लघवीची गोळी चालू, डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरची मर्यादा घातलेली. ते लक्ष्य त्यांना तिथल्या तिथे फोन करून काढायला लावलं. हृदय कमजोर असलेल्यांनी, किडनीच्या किंवा डायलिसिसच्या रुग्णांनी घड्याळाचं लक्ष्य पाळायचंच नाही. मर्यादा डॉक्टरच सांगतील. वडिलांसाठी रोज सकाळी वजन करून लिहून ठेवायला सांगितलं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं किंवा पायांवर सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.