पिकअप घेताय? आधी भुईकाट्यावर जा

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची टोमॅटो आणि द्राक्षाची शेती आहे. हंगामात रोज पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला आणि आठवड्यातून दोनदा कसारा घाटाने वाशीला माल जातो. क्रेट 60 बाय 40 सेंटीमीटरचे आहेत, एकात 20 किलो माल बसतो. पिकअप दीड टनाची घ्यावी की दोन टनाची? हौदा आठ फुटी, नऊ फुटी की दहा फुटी?

उत्तर : टनाचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी क्रेट मोजा. हौद्याची आतली रुंदी 1,700 मिलिमीटर धरली तर 40 सेंटीमीटरचे चार क्रेट आडवे बसतात. लांबीला 60 सेंटीमीटरने भागा. आठ फूट म्हणजे 2,438 मिलिमीटर, त्यात चार क्रेट बसतात. नऊ फूट म्हणजे 2,743, तिथेही चारच. पाचवा क्रेट बसायला 3,000 मिलिमीटर लागतात आणि ते दहा फुटी हौद्यातच मिळतात. म्हणजे तुमच्या क्रेटसाठी आठ आणि नऊ फुटी हौद्यात एका थराला सारखेच 16 क्रेट, दहा फुटीत मात्र 20. नऊ फुटीसाठी जास्तीचे पैसे मोजाल तर त्या एका फुटात क्रेट बसणार नाही, ताडपत्री आणि दोर बसतील. कांद्याच्या गोण्या किंवा खत नेणार असाल तर हिशेब वेगळा. शोरूममध्ये टेप घेऊन जा आणि फाळक्याच्या आतून मोजा. माहितीपत्रकातले माप कधी बाहेरचे असते.

आता वजन. रिकामा क्रेट दीड-दोन किलोचा, म्हणजे भरलेला 22 किलो धरा. 16 क्रेटचे चार थर म्हणजे 64 क्रेट, 1,408 किलो. पाचवा थर चढवला की 1,760. दहा फुटीत चारच थर लावले तरी 80 क्रेट, तेच 1,760.

हे वजन गाडीला झेपते का, ते आरसी सांगते. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. समजा 3,490 वजा 1,790, राहिले 1,700 किलो. पण ते सगळे मालासाठी नसतात. चालक आणि सोबती मिळून 140, वर बसवलेली लोखंडी जाळी 110, ताडपत्री आणि दोर 30. मालासाठी उरले 1,420. शोरूममध्ये ‘1.7 टन’ म्हणून मिळालेल्या गाडीत तुमचे चार थर जेमतेम बसतात. म्हणूनच गाडी ताब्यात घेतल्यावर, जाळी बसवून झाली की रिकामी गाडी भुईकाट्यावर चढवा आणि ती पावती गाडीतच ठेवा. पुढची पाच-सात वर्षे हिशेब त्या पावतीवरून करायचा.

तुमचा माल रोज 64 क्रेटच्या आत असेल तर आठ फुटी हौद्याची, 1.7 टन पासिंगची गाडी पुरते. 80 क्रेट नक्की असतील तर दहा फुटी, दोन टनाची घ्या आणि जाळी हलकी ठेवा. दोन टनातून वरचे 280 किलो गेले की मालाला 1,720 उरतात. म्हणजे 80 क्रेट तिथेही 40 किलोने जास्तच होतात, दोन क्रेट खाली ठेवावे लागतील. दीड टनाची गाडी घेऊन पाचवा थर लावायचा विचार मात्र सोडून द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. उन्हात उतरवलेल्या द्राक्षाचे काय होते ते तुम्हाला सांगायला नको.

कंपनीबद्दल. महिंद्रा बोलेरो मॅक्स पिकअपला 2.5 लिटरचे, टाटा योद्धाला 2.2 लिटरचे, तर टाटा इन्ट्रा व्ही 50 आणि अशोक लेलँड बडा दोस्त यांना दीड लिटरच्या वर्गातले इंजिन आहे. अश्वशक्तीची तुलना करत बसतात बरेच जण. पण तुमचा रस्ता बघा : नाशिकहून मुंबईला गाडी भरलेली जाते तेव्हा कसारा घाट *उतरायचा* असतो, चढायचा असतो तो रिकाम्या गाडीने. तुमच्या कामाला इंजिनापेक्षा ब्रेक जास्त महत्त्वाचे आहेत. भरलेली गाडी घाटात ज्या गियरने चढेल त्याच गियरमध्ये उतरवायची, न्यूट्रल कधीच नाही. ब्रेकवर पाय ठेवून उतरवत नेली की ब्रेकचे ड्रम तापतात आणि लायनर चकाकून गुळगुळीत होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. ते जुने असेल तर तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम खाली जाते. हे ऑइल दर दोन वर्षांनी, घाटातल्या गाडीत शक्यतो हंगामाआधी बदलून घ्या.

आणखी एक. नवी गाडी घेतल्याबरोबर ‘दोन पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून घ्या’ असा सल्ला मिळेल. घेऊ नका. पाटा वाढला म्हणून ॲक्सल, हबचे बेअरिंग, चेसिस आणि ब्रेक वाढत नाहीत, सगळा मार त्यांच्यावर येतो. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. माल भरल्यावर हौदा जितका खाली बसेल तितका तो मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. पाटे वाढवले की हौदा खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. शिवाय कडक पाट्यांवर गाडी उडते आणि द्राक्षाचे मणी देठाशी सैल होतात, ते वेगळेच.

प्रश्न : नाशिकच्या अंबडला आमचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. पाच वर्षे वापरलेली डिझेल पिकअप घ्यायचा विचार आहे. मेकॅनिक सोबत नेणारच आहे, पण आम्ही स्वतः काय बघावे?

उत्तर : गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन आधी चालू करून ठेवू नका म्हणून सांगा. बॉनेटवर हात ठेवून बघा, गार लागले पाहिजे. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या फेरीत चालू होते का ते बघा. चालू झाल्यावर ऑइल भरायच्या तोंडाचे झाकण सैल करून नुसते वर ठेवा. किरकोळ थरथर चालते. झाकण उडायला लागले आणि धूर भसभस येत असेल तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. गाडी तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

पण मालवाहू गाडीत खरी गोष्ट खालून कळते, म्हणून गाडी पिटवर घ्या. चेसिसवर जिथे मागच्या पाट्यांचे हँगर रिव्हेट केलेले असतात तिथे टॉर्च धरा. केसासारखी बारीक तडा, नव्या वेल्डिंगची रेष किंवा तेवढ्याच भागाला ताजा काळा रंग दिसला, तर ती गाडी वर्षानुवर्षे जादा माल घेऊन धावली आहे. तुम्ही वेल्डिंगच्या धंद्यातले, ती रेष तुमच्या नजरेतून सुटणार नाही. ‘आपणच वेल्ड मारून घेऊ’ असे मात्र मनात आणू नका. वेल्डच्या शेजारचा पत्रा उष्णतेने कमजोर होतो आणि पुढची तडा तिथूनच जाते. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी सोडा.

पाटे मोजा आणि माहितीपुस्तिकेतल्या आकड्याशी जुळवा. एक-दोन जास्त निघाले तर कारण उघड आहे. पाट्यांमधून लालसर गंजाची धूळ निघत असेल तर यू-क्लॅम्प ढिले आहेत, मधला बोल्ट तुटायला आलेला असू शकतो. मागची चाके उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा. शाफ्टच्या सांध्यात, म्हणजे क्रॉसमध्ये, खडखड आली तर खर्च किरकोळ, पण शाफ्ट बराच फिरूनही चाक हलत नसेल तर मागच्या ॲक्सलमधल्या दात्यांचे, क्राऊन-पिनियनचे, काम निघेल आणि ते महाग आहे.

चालवताना तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर दाबा. इंजिन ओरडले आणि गाडी पुढे सरकत नसेल तर क्लच प्लेट संपली आहे.

कागदांत चेसिस नंबर स्वतः घासून बघा आणि आरसीशी जुळवा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (कर्जाचा बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. थकलेले ई-चलन ऑनलाइन तपासा. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस (गाडी चालवण्याजोगी असल्याचे प्रमाणपत्र) लागतो. तुमच्या पाच वर्षांच्या गाडीचा फिटनेस पुढच्या महिन्यात संपत असेल तर तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

प्रश्न : सातपूर आणि अंबडमधल्या कारखान्यांना सुटे भाग पोहोचवतो. रोज 40 किलोमीटर, पंधरा-वीस ठिकाणी थांबे, माल 700 किलोच्या आत. डिझेल घ्यावी का?

उत्तर : या कामाला डिझेल घेऊ नका. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. ही काजळी जाळायला सायलेन्सर बराच तापावा लागतो आणि गाडी काही काळ सलग वेगात धावावी लागते. दोन किलोमीटर चालवून बंद, परत चालू, असे दिवसभर केले तर काजळी अर्धवट जळते, दिवा लागतो आणि पुढे इंजिनची ताकद आपोआप कमी होते. जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल काही इंजिनांत खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसली तर खूश होऊ नका, ऑइल पातळ झाले आहे. फिल्टर काढून टाकणे बेकायदेशीर आहे.

सीएनजी चालेल. आरसीवरची वजने बघून घ्या, कारण टाक्यांचे वजन मालातून जाते. टाक्यांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते आणि जुनी गाडी घेताना त्या तारखेकडे कोणी बघत नाही. पंपावरच्या रांगेचा वेळही हिशेबात धरा, दिवसाला अर्धा तास गेला तर दोन थांबे गेले. रोजचे 40 किलोमीटर ठरलेले असतील आणि रात्री स्वतःच्या मीटरवर चार्जिंगची सोय असेल, तर टाटा एस ईव्ही 1000 सारखी छोटी इलेक्ट्रिक गाडी आमच्या मते तुमच्यासाठी सर्वांत बरी. घ्यायच्या आधी तुमचा माल भरून, तुमच्याच रस्त्यावर पूर्ण दिवस चालवून मागा.

प्रश्न : पिकअप चालवायला साधे कारचे लायसन्स चालते का? परमिट लागते का?

उत्तर : 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले आहे की एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या (कारच्या) लायसन्सवर भरलेले वजन 7,500 किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन चालवता येते. सगळ्या पिकअप त्यात बसतात. धोकादायक मालाचे नियम वेगळे आहेत.

परमिटची रेषा 3,000 किलोवर आहे. भरलेले वजन त्याच्या आत असेल तर मालवाहू परमिट लागत नाही, म्हणूनच बाजारात 3,000 च्या जरा खाली ठेवलेली मॉडेल दिसतात. वर वजनाच्या हिशेबात धरलेल्या 3,490 किलोच्या गाडीला परमिट लागेल. पेठ रोडच्या आरटीओत नोंदणीच्या वेळीच ते काम उरकून घ्या.

छाटणीच्या किंवा खुड्याच्या हंगामात हौद्यात मजूर बसवू नका. मालवाहू गाडीच्या विम्यात मागे बसलेली माणसे धरलेली नसतात. अपघात झाला तर त्यांच्या भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो, आणि फाळक्याला धरून उभ्या असलेल्या माणसाला वळणावर धरायला दुसरे काही नसते.