पायथन 2.7.8 मध्ये पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) नाही, 2.7.9 मध्ये आहे. जुन्या स्थिर आवृत्तीत नवं काही टाकत नाहीत ना? मग हे कसं?

नियम तुम्ही म्हणता तोच. 2.7 आलं जुलै 2010 मध्ये, पुढच्या 2.7.1, 2.7.2 वगैरेंत फक्त दुरुस्त्या. 2.7.8 वर लिहिलेला प्रोग्राम ग्राहकाच्या सर्व्हरवरच्या 2.7.5 वर चाललाच पाहिजे. नवं मॉड्यूल (तयार कोडची फाइल) दिलं की कोणीतरी ते इम्पोर्ट करणार, म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये वापरणार, आणि तिकडे सगळं अडणार.

पण पिप बसवून देणारं मॉड्यूल, एन्शुअरपिप, कोणी आपल्या प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करत नाही. एकदा चालवायचं, पिप बसलं की विषय संपला. पिपची व्हील फाइल (बसवायला तयार पॅकेज) पायथनसोबतच येते, त्यामुळे 'पायथन -एम एन्शुअरपिप' नेट नसतानाही चालतं. ही सोय आली मार्च 2014 मध्ये, 3.4 बरोबर. तेव्हा ढीगभर लोक 2.7 वरच होते, नवशिकेसुद्धा. म्हणून पेप 477 ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) अपवाद केला आणि डिसेंबर 2014 च्या 2.7.9 मध्ये पिप आलं. मधल्या 3.3 ला मात्र नाही मिळालं.

अपवादही हात राखूनच. विंडोज आणि मॅकच्या इन्स्टॉलरमध्ये पिप आपोआप बसतं. सोर्सवरून बिल्ड केलंत तर 2.7 चं 'मेक इन्स्टॉल' ते बसवत नाही, त्याआधीच्या 'कॉन्फिगर' कमांडला वेगळा ऑप्शन द्यावा लागतो. प्रत्येक प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवणारं व्हेन्व तर 2.7 ला दिलंच नाही, तिथे त्याच कामाचं व्हर्च्युअलएन्व्ह वापरा.

गंमत म्हणजे 2.7.9 वर गेल्यावर जे बिघडलं, त्याचा पिपशी संबंध नव्हता. त्याच आवृत्तीपासून एचटीटीपीएसची सर्टिफिकेट तपासणी आपोआप व्हायला लागली. ऑफिसातल्या सर्व्हरवर घरचंच, म्हणजे स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट लावलेलं असेल, तर कालपर्यंत चालणारी स्क्रिप्ट आज एरर देणार. वर्तनातला खरा बदल हा! माझ्या मते तोही करायलाच हवा होता. तपासणीच नसेल तर एचटीटीपीएसला अर्थ काय?

तुम्ही अजून 2.7 वर असाल (असतात लोक, नाइलाज असतो) तर निदान 2.7.18 घ्या, एप्रिल 2020 ची ती शेवटची. आणि 2.7.9 वरच अडकला असाल, तर 'पिप इन्स्टॉल -यू पिप' असं मोघम करू नका. 2.7 वर चालणारं शेवटचं पिप 20.3.4. कुठलं पॅकेज कुठल्या पायथनसाठी आहे हे पिप 9 पासून कळायला लागलं. त्याआधीचं पिप डोळे मिटून सगळ्यात नवीन पिप आणतं, आणि ते सुरूच होत नाही. आकडा स्पष्ट द्या: 'पिप==20.3.4'.