अर्धी गोळी, तीही उशिरा

"मॅडम, पाळीच्या दुखण्यावर दर महिन्याला गोळी घेतली तर सवय लागेल ना? आई म्हणते, पुढे मूल होताना त्रास होईल."

बडोद्यात विद्यार्थिनींचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत भेटतो. ही मुलगी दांडिया बाजारातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ती आली होती वेगळंच सांगत: अभ्यासात लक्ष नाही, प्रॅक्टिकल बुडतात. बुडालेल्या दिवसांच्या तारखा मी तिला कागदावर लिहायला लावल्या. दोन तारखांमध्ये अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांचं अंतर. कागदाकडे बघून ती गप्प झाली.

मग हळूहळू बोलली. सकाळी कळा सुरू झाल्या की ओव्याचं पाणी, गरम पाण्याची पिशवी, दात-ओठ खाऊन सहन करणं. दुपारी उलटी झाली की मैत्रिणीने दिलेली अर्धी गोळी. अर्धीच का? "नुकसान कमी होईल म्हणून." त्या अर्ध्या गोळीने फरक पडत नाही, म्हणून तिची खात्री झालेली की आपल्याला गोळ्या लागूच पडत नाहीत.

मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगणं माझ्या कामात येतं. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांनी गर्भाशय आवळतं, तिथला रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळा येतात. मळमळ, जुलाब होतात तेही त्यांच्यामुळेच. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं ती रसायनं तयार होणंच रोखतात. दुपारपर्यंत ती तयार होऊन बसलेली असतात, म्हणून गोळी घ्यायची ती दुखणं सुरू होताच, पुरत्या प्रमाणात, काही खाऊन. रसायनशास्त्राची मुलगी ती, तिला हे लगेच उमगलं. या गोळ्यांची व्यसनासारखी सवय लागत नाही, आणि पाळीच्या दोन-तीन दिवसांत घेतल्याने वंध्यत्व येत नाही.

मात्र मैत्रिणीच्या पर्समधली गोळी नको. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर ही औषधं धोक्याची ठरू शकतात. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित ताप आणि पुरळासह गंभीर रिॲक्शन येते. नोव्हेंबर 2023 मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने तसा इशाराही दिला होता. म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तपासून गोळी आणि मात्रा ठरवून दिली. शेक चालू ठेवायला सांगितलं; शेकाने खरंच आराम पडतो, आजीचा तो उपाय मुळीच टाकाऊ नाही.

आईशीही बोलले. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की गणपतीत पाळी येऊ नये म्हणून याच घरात दोन वर्षं पाळी लांबवायची गोळी मुलीला दिली होती, तीही डॉक्टरांना न विचारता. ती हार्मोनची गोळी. तिची भीती कुणालाच वाटली नव्हती. आईला दोष द्यावा असं वाटत नाही, तिच्या वेळी तिलाही हेच मिळालं होतं. पण मुलीच्या दुखण्यापेक्षा आरतीची सोय आधी बघितली जाते, हे मला पटत नाही, आणि मी तसं त्यांना सांगितलं.

तीन महिने तिने वहीत नोंद ठेवली: दुखणं दहापैकी किती, गोळी किती वाजता, किती पॅड. पहिल्या महिन्याला नऊ, तिसऱ्याला चार. एकही प्रॅक्टिकल बुडलं नाही. वेळेवर औषध घेऊनही तीन पाळ्यांत उतार पडला नसता, दुखणं दर वर्षी वाढत असतं, पाळी नसतानाही किंवा शौचाला बसताना दुखत असतं, दर तासाला पॅड बदलावं लागत असतं, तर एंडोमेट्रिऑसिससारख्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) कारणांसाठी पुढच्या तपासण्या लागल्या असत्या. "लग्न झालं की थांबेल" म्हणत अशा मुली वर्षानुवर्षं घरात बसवल्या जातात.

या वर्षी तिची तारीख गौरी जेवणाच्या दिवशीच येते आहे. "लांबवायची गोळी नको, दुखण्याची घेईन," असं ती घरी सांगून आली आहे. आईने अजून हो म्हटलेलं नाही.