फिलर भरपूर, तरी उष्णता पुढे का सरकत नाही? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

(फिलर म्हणजे उष्णता वाहून नेण्यासाठी इपॉक्सी किंवा प्लास्टिकमध्ये मिसळलेली पूड. उष्णतावाहकतेचे सगळे आकडे वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये.)

प्रश्न : इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनमध्ये) वजनाने निम्मी अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) पूड मिसळली. अॅल्युमिनाची उष्णतावाहकता ३० च्या आसपास, इपॉक्सीची ०.२. तरी नमुना ०.४ च्या पुढे जाईना. पूड भेसळीची असेल का?

उत्तर : पुडीवर संशय घेण्याआधी वजनाचा हिशेब सोडा आणि आकारमान पाहा. अॅल्युमिनाची घनता घनसेंटिमीटरला ३.९५ ग्रॅम, इपॉक्सीची साधारण १.२. म्हणजे वजनाने निम्मी असलेली पूड आकारमानाने जेमतेम २३ टक्के जागा व्यापते. कण एकमेकांना न शिवता सुटे पडतात, आणि एका कणातून निघालेल्या उष्णतेला पुढच्या कणापर्यंत पोचायला इपॉक्सी ओलांडावीच लागते. मिश्रणाची वाहकता काढण्याच्या मॅक्सवेलच्या जुन्या सूत्रात हे आकडे घातले की उत्तर येतं ०.३८. पूड चोख आहे, कमी आहे इतकंच.

प्रश्न : मग अॅल्युमिनाऐवजी महागडं अॅल्युमिनियम नायट्राइड घ्यावं का? त्याची वाहकता २०० च्या घरात सांगतात.

उत्तर : घाई नको. आकारमानाने ५० टक्के भरणा (पुडीचा वाटा) धरून तेच सूत्र वापरलं, तर अॅल्युमिनाला ०.७८ मिळतात आणि नायट्राइडला ०.८०. एवढ्यासाठी खिसा रिकामा का करायचा? मात्र हे सूत्र सुट्या कणांचं आहे. भरणा वाढून कणाला कण टेकू लागला, की सलग वाट तयार होते आणि फिलरची स्वतःची वाहकता खरी कामाला येते.

म्हणून आधी भरणा वाढवा. एकाच मापाची पूड घेतली तर रेझिन लवकर घट्ट होतं, ढवळता येत नाही. जाड कणांत बारीक कण मिसळा, ते मधल्या फटींत बसतात. आकारमानाने ६० टक्के म्हणजे अॅल्युमिना वजनाने सुमारे ८३ टक्के. मिश्रण लापशीसारखं होणारच. निर्वात करून हवा काढायला विसरू नका, कारण हवेची वाहकता ०.०२६ च आहे.

नायट्राइड घेतलंच, तर कोरडं ठेवा. ओलाव्याशी त्याची अभिक्रिया होऊन अमोनिया सुटतो. डबा उघडताच नाकाला झोंबलं, तर पूड बिघडू लागलीय असं समजा.

प्रश्न : पुडीवर सिलेनची (कण आणि रेझिन यांना जोडणाऱ्या रसायनाची) प्रक्रिया केल्याने वाहकता वाढते का?

उत्तर : थोडी. मोठा फायदा वेगळाच आहे: कण रेझिनमध्ये नीट भिजतात, मिश्रण पातळ राहतं, त्यामुळे जास्त भरणा मावतो.

प्रश्न : बोरॉन नायट्राइड घातलेल्या प्लास्टिकच्या माहितीपत्रकातला वाहकतेचा आकडा उत्तम होता, पण साच्यातून काढलेल्या आवरणातून उष्णता बाहेर येईना.

उत्तर : षटकोनी बोरॉन नायट्राइडचे कण चपटे असतात. त्यांच्या पातळीत उष्णता झपाट्याने धावते, चकतीच्या जाडीतून फारच कमी. साच्यात वितळलेलं प्लास्टिक वाहताना या चकत्या प्रवाहाबरोबर आडव्या झोपतात. तुम्हाला उष्णता हवी जाडीतून बाहेर, ती पसरते पृष्ठभागाला समांतर. पुरवठादाराला विचारा, आकडा कोणत्या दिशेचा? जाडीतला सांगता येत नसेल, तर तुमच्या कामासाठी तो आकडा बाद धरा.

प्रश्न : अॅल्युमिना भरलेलं पांढरं प्लास्टिक राखाडी का दिसतं?

उत्तर : बहुधा प्लास्टिक वितळवून ढकलणाऱ्या मशीनचा स्क्रू झिजतोय आणि त्याचा धातू प्लास्टिकात मिसळतोय. अॅल्युमिना पोलादापेक्षा कठीण असते. कठीण मुलामा दिलेला स्क्रू वापरा आणि टोकदार पुडीऐवजी गोल कणांची घ्या.