सामाजिक संस्थेत काम करणारे लोक नोकरी सोडायचा विचार का करतात?

पगार कमी असतो हे खरं, पण ते माहीत असूनच लोक येतात. जास्त घोर लागतो तो अनिश्चिततेचा. पद प्रकल्पाला बांधलेलं. निधी १ वर्षाचा, तर नोकरीचीही तेवढीच खात्री. बरेच देणगीदार कार्यक्रमाला पैसे देतात, पण तो चालवणाऱ्या माणसांचा खर्च 'प्रशासकीय' म्हणून कापतात. मग तिघांचं काम एकजण ओढतो. दिवसभर वस्तीत फिरून आलेली कार्यकर्ती रात्री अहवालाचे रकाने भरत बसते, तेही प्रत्येक देणगीदाराच्या वेगळ्या नमुन्यात. त्यात "आपण सेवा करतोय" असं सतत कानावर पडलं की हक्काची रजा मागतानाही अपराधी वाटतं. हे मला फार चुकीचं वाटतं. आणि छोट्या संस्थेत बढती कुठे मिळणार? वरची जागा एकच, तिथे बहुधा संस्थापकच असतात.